आधी ड्रोन, मग फोन : काही सुटी टिपणे

०

सोलापुरात कुणी ड्रोन घ्यायचा म्हटला की पहिली चौकशी ड्रोनची होत नाही, फोनची होते. "मालक, ह्याला आयफोनच लागतोय का? आपल्या फोनवर चालत नाही का?" नव्या पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात, लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांच्या गप्पांत, शेती प्रदर्शनातल्या मांडवात हाच सवाल. सवाल चुकीचा नाही, पण उलट्या टोकाने धरलेला आहे. आधी काम ठरावे. कामावरून ड्रोन ठरतो, ड्रोनवरून ॲप ठरते, आणि ते ॲप कोणत्या फोनवर धड चालते यावरून फोन. हा क्रम पाळला तर अँड्रॉइड की आयओएस हा वाद घालायला फारसे काही उरत नाही. क्रम सोडला की माणूस महागडा फोन घेऊन मोकळा होतो आणि मग त्याला शोभेल असा ड्रोन शोधत बसतो.

०

फोनचे काम नेमके किती, हे कळले की निम्मी भीती जाते. रिमोटवर उडणाऱ्या कॅमेरा ड्रोनमध्ये लगाम रिमोटच्या हाती असतो. फोन ही नुसती खिडकी. दांडी हलवली की हुकूम रिमोटच्या अँटेनातून थेट ड्रोनकडे जातो, फोनमधून जात नाही. त्यामुळे ॲप मिटले, केबल निसटली, फोन तापून बंद पडला, तरी ड्रोन दगडासारखा कोसळत नाही. जीपीएस नीट लागलेले असेल तर दांड्या सोडल्यावर जागच्या जागी तरंगतो, आणि रिमोटवरचे परतीचे बटण दाबले की जिथून उडाला त्या जागेकडे यायला निघतो. चित्र दिसत नाही आणि बॅटरी किती उरली ते कळत नाही, एवढीच पंचाईत. ती लहान नाही, पण जीवघेणीही नाही.

नवशिक्याने मोकळ्या माळावर, कुणी जाणता शेजारी असताना, फोन काढून ठेवून परतीचे बटण एकदा तरी वापरून पाहावे. फोन कोणता घ्यावा यावर आठवडाभर चर्चा करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक.

०

जुनी गोष्ट. डिसेंबर २००९ मध्ये 'थ्री इडियट्स' आला. त्यातला कॅमेरा लावलेला, वसतिगृहाच्या खिडक्यांसमोर तरंगणारा चार पंख्यांचा यंत्रपक्षी आयडियाफोर्जने बनवलेला होता. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेली ही कंपनी आज नवी मुंबईत आहे. चित्रपट आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१० मध्ये, लास व्हेगासच्या प्रदर्शनात पॅरट या फ्रेंच कंपनीने एआर ड्रोन मांडला. त्याला रिमोट नव्हताच. आयफोन तिरपा केला की ड्रोन तिरपा व्हायचा. अँड्रॉइडवाल्यांना वाट पाहावी लागली.

'ड्रोन म्हटले की आयफोन' हा समज बहुधा तिथूनच रुजला असावा. गंमत म्हणजे २०१३ च्या सुरुवातीला डीजेआय या ड्रोन कंपनीचा पहिला फँटम आला, तेव्हा त्याला फोन लागतच नव्हता. पोटाखाली छोटा ॲक्शन कॅमेरा लटकवायचा, रिमोटने उडवायचे, आणि खाली उतरल्यावर काय टिपले ते पाहायचे.

०

त्याच्याही आधी आकाशातून फोटो काढायचा तर हेलिकॉप्टर लागायचे. उद्धव ठाकरे यांची 'महाराष्ट्र देशा' आणि 'पहावा विठ्ठल' ही पुस्तके अशाच हवाई छायाचित्रांची. पहिल्यात गडकिल्ले, दुसऱ्यात पंढरीची वारी. आज तालुक्याच्या गावातला पोरगा अडीचशे ग्रॅमच्या आतल्या यंत्राने तसाच कोन मिळवू शकतो. तो वारीत तसे करू शकत नाही, कारण आषाढीला पंढरपूरच्या गर्दीवर पोलिसांचे ड्रोन असतात आणि इतरांना परवानगीवाचून उडवता येत नाही. पण त्याची अडचण आता पैशांची नाही, कागदांची आहे.

०

अँड्रॉइड आणि आयओएस यांच्यातला खरा फरक उडताना दिसत नाही, उडण्याआधी दिसतो, ॲप घेताना. डीजेआयच्या छोट्या ड्रोनना लागणारे 'डीजेआय फ्लाय' हे ॲप आयफोनवाल्याला ॲप स्टोअरवर सरळ मिळते. अँड्रॉइडवाल्याने गूगल प्लेवर शोधले तर गेली काही वर्षे ते तिथे नाही. कंपनीच्या साइटवरून ॲप बसवायची एपीके फाइल उतरवायची, 'अज्ञात स्रोताला परवानगी द्या' म्हणायचे, फोनची धोक्याची सूचना वाचून पुढे जायचे. पुढचे प्रत्येक अपडेटही असेच.

इथे एक सापळा आहे. प्लेवर शोधल्यावर मिळत्याजुळत्या नावाची, तसलेच चिन्ह लावलेली भलतीच ॲपे समोर येतात. कुणी व्हॉट्सॲपवर "हे घे, चालतंय" म्हणून एपीके पाठवतो. दोन्ही नको. फाइल फक्त बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यावी, मित्र कितीही भरवशाचा असला तरी.

०

हे ॲप प्लेवर का नाही याबद्दल नाना तर्क चालतात. एक घटना मात्र नोंदलेली आहे. जुलै २०२० मध्ये सिनॅक्टिव्ह या फ्रेंच सुरक्षा-तपासणी कंपनीने डीजेआयच्या त्या वेळच्या 'गो ४' ॲपची चिरफाड प्रसिद्ध केली. अँड्रॉइडवरचे ॲप प्ले स्टोअरला वळसा घालून स्वतःच स्वतःचे अपडेट आणू शकत होते. आयफोनवरच्या ॲपात ती सोय नव्हती. कंपनीचे म्हणणे असे की निर्बंध काढून टाकलेली, फोडलेली ॲपे वापरणाऱ्यांना मूळ ॲपवर परत आणण्यासाठी ते होते.

दोन्ही बाजू ऐकल्यावर हाती काय लागते? आयफोनवर दारात एक पहारेकरी बसवलेला आहे. तो तुमच्यावरही नजर ठेवतो आणि ॲपवरही. अँड्रॉइडवर एपीके टाकलीत की पहारा तुमच्याकडे. ज्याला तो करायचा नाही त्याने आयफोन घ्यावा. ज्याला करता येतो त्याने अँड्रॉइडवर निश्चिंत उडवावे. माझ्या मते निवड एवढ्यावरच ठरते. कॅमेरा, चमक, ऐट यांचा तिच्याशी संबंध नाही, कारण चित्र काढतो तो ड्रोनचा कॅमेरा, फोनचा नव्हे.

०

हा पहाराही फार काळ पूर्ण आपला राहणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की प्लेबाहेरून टाकायच्या ॲपांच्या बनवणाऱ्यांनाही ओळख पटवून द्यावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड इथून, आणि २०२७ पासून हळूहळू इतर देशांत. मोठ्या कंपन्या ती पूर्तता करतील. एकट्यादुकट्याने बनवलेल्या, जुन्या ड्रोनसाठी जपलेल्या ॲपांचे काय होते ते पाहायचे.

०

ऊन. सोलापूरच्या माणसाने फोन निवडताना पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हा आहे, आणि तो कुठल्याच परीक्षणात नसतो, कारण परीक्षणे लिहिणारे थंड हवेत राहतात.

ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा. सॅमसंगही तेवढेच सांगते. छोट्या ड्रोनची कमाल मर्यादा बहुधा ४० अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळीस ओलांडतो आणि काही दिवस बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात बसून राहतो. म्हणजे दुपारी उडवले तर फोन आणि ड्रोन दोघेही कंपनीने आखलेल्या रेघेच्या बाहेर. त्यात पडद्याची चमक पूर्ण वाढवलेली, जाड कव्हर घातलेले, रिमोट केबलीतून फोनला चार्ज करतोय, चित्र उलगडताना प्रोसेसर तापतोय.

तापलेला फोन आधी पडदा मंद करतो. नेमके उन्हात, जेव्हा काहीच दिसत नसते तेव्हा. मग चार्जिंग थांबवतो. मग इशारा दाखवून हात वर करतो. यात अँड्रॉइड आणि आयओएस यांच्यात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. उपाय साधे आहेत. कव्हर काढावे. रिमोटमधून होणारे चार्जिंग बंद करता येत असेल तर करावे. सावलीत उभे राहावे, नाहीतर पडद्याला काळा पुठ्ठ्याचा आडोसा लावावा. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नये. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर उडवणे. उजेडही तेव्हाच चांगला असतो.

०

केबल हा विषय कुणी गंभीरपणे घेत नाही. रिमोटच्या खोक्यात आलेली छोटी केबल हरवली की दुकानातून चाळीस रुपयांची आणतात. ती फक्त चार्ज करते, डेटा नेत नाही. ॲप म्हणते, ड्रोन जोडलेला नाही. मग फोनला शिव्या, ॲपला शिव्या.

आयफोनवाल्यांचा एक जुना त्रास मात्र संपला. २०१२ च्या आयफोन ५ पासून चाललेली लाइटनिंगची पिन सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ने सोडली आणि टाइप-सी घेतली. आता दोघांनाही एकच केबल. जुना आयफोन ड्रोनसाठी घेत असाल तर पिन पाहून घ्या.

०

अँड्रॉइड खराब चालते असे म्हणणाऱ्यांची तक्रार बहुधा अँड्रॉइडची नसते, त्यावर चढवलेल्या थरांची असते. आयफोनची मॉडेले मोजकी. ड्रोनचे ॲप बनवणारा ती सगळी हाताळून पाहू शकतो. अँड्रॉइड फोन शेकडो. प्रत्येक कंपनी आपापली बॅटरी बचतीची चलाखी त्यात घालते. मागे चाललेले ॲप 'उगाच बॅटरी खातंय' म्हणून परस्पर मिटवते. चिपही वेगवेगळी, ड्रोनकडून येणारे चित्र एखादी झटकन उलगडते, एखादी अडखळते. ड्रोनच्या कंपन्या चालणाऱ्या फोनची यादी देतात ती यासाठी. यादी पाहून फोन घ्यावा, फोन घेऊन यादी पाहू नये.

हातचा फोन यादीत नसेल तरी लगेच हार मानायची गरज नाही. त्या ॲपची बॅटरी बचत बंद करावी, मागे काही चालू ठेवू नये, जागा मोकळी ठेवावी. बहुतेक मधल्या किमतीचे फोन एवढ्यावर ताळ्यावर येतात.

०

आपल्या देशात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत. म्हणजे 'कोणती प्रणाली घ्यावी' हा प्रश्न बहुतेकांपुढे नसतोच. असतो तो असा : आहे त्या फोनवर भागेल का, की दुसरा घ्यावा? माझे मत : दुसरा घ्यावा, पण नवा नको. घरातला, पडदा शाबूत असलेला, दोन-तीन वर्षांपूर्वीचा बरा फोन साफ पुसून कोरा करावा. त्यात सिम नको, व्हॉट्सॲप नको, बँकेचे ॲप तर मुळीच नको. ड्रोनचे ॲप, नकाशा, बस्स. बाहेरून आणलेल्या एपीकेची भीती असते ती आपला पैसाअडका, फोटो, संपर्क तिच्या शेजारी ठेवल्यामुळे. तेच तिथे नसतील तर भीतीचे बळ ओसरते.

आणि ड्रोन सत्तर मीटरवर असताना "काय करलालास बे?" असा फोनही येत नाही.

०

खेळण्यातला ड्रोन ही वेगळी जात. जत्रेत, ऑनलाइन, दोन-तीन हजारांत मिळतो, खोक्यावर '४के' लिहिलेले असते. याचे चित्र वाय-फायवरून फोनला येते, काही तर पूर्णपणे फोनवरूनच उडतात. इथे मात्र फोन नुसता बघ्या राहत नाही.

दोन्हीकडची खोड सांगून ठेवतो. अँड्रॉइडला ड्रोनच्या वाय-फायवर इंटरनेट सापडत नाही, म्हणून तो आपण होऊन मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ड्रोन सुटतो. 'तरीही जोडलेले राहा' हे निवडावे, नाहीतर मोबाइल डेटा बंद ठेवावा. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला आसपासच्या नेटवर्कवरची उपकरणे शोधण्याची परवानगी मागावी लागते. घाईत 'नको' दाबले गेले की ॲप उघडते पण ड्रोन दिसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती कळ चालू करावी लागते. अशा ड्रोनची ॲपे कुणी बनवली हे अनेकदा कळतच नाही, आणि संपर्क, मायक्रोफोन, सगळे मागतात. पोराच्या हाती आपला रोजचा फोन देऊन ती ॲपे टाकू नयेत.

०

लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका स्नेह्याला विचारले, तुम्ही कशावर उडवता? तो हसला. म्हणाला, "कशावर का असंना, कार्ड मिक्सिंगला जातंय की."

त्याच्या म्हणण्यात सगळे आले. ड्रोनचे खरे चित्र ड्रोनमधल्या मेमरी कार्डावर असते. फोनच्या पडद्यावर दिसते ती हलकी प्रत. सेकंदाला १०० मेगाबिटचे फोरके चित्रण म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी. हे कुणी फोनमधून नेत नाही. कार्ड काढायचे, कॉम्प्युटरला लावायचे, एडियस या संपादनाच्या सॉफ्टवेअरवर बसायचे. हळदीला, वरातीला, मंगल कार्यालयाच्या लॉनवर वरून फिरवलेला शॉट अल्बमच्या व्हिडिओत पाच-सात सेकंद येतो. त्या सेकंदांत फोन कोणता होता हे कोण ओळखणार?

फरक पडतो तो रीलला. नवऱ्यामुलाच्या मित्रांना रात्रीच रील हवे असते. तिथे ड्रोनवरून फोनवर झटपट घेतलेली छोटी फीत आणि हातातल्या आयफोनवर काढलेले बाकीचे तुकडे एकाच फोनवर जोडणे सोपे जाते. ज्याचा धंदा रीलवर चालतो त्याला आयफोन परवडतो. ज्याचा अल्बमवर चालतो त्याने तो पैसा लेन्समध्ये घालावा.

०

१५ जून २०२३. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडली. होटगी रोडच्या विमानतळावर विमान उतरायला ती आड येते, हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि ९ जून २०२५ ला गोव्याचे विमान सुरू झाले.

ड्रोनवाल्यांनी या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांत चालू विमानतळाच्या कुंपणापासूनची अंतरे मोजलेली आहेत. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीवाचून फक्त २०० फुटांपर्यंत. त्यापलीकडच्या, नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात ४०० फूट. आठ किलोमीटरच्या आत आलात की हिरवा रंग संपतो; पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल भागात केंद्र सरकारची. आता नकाशा उघडून पाहा. सिद्धेश्वराचे देऊळ आणि तळे, भुईकोट किल्ला, रेल्वे स्टेशन, सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोडची मंगल कार्यालये, शहराचा बराचसा भाग त्या आठ किलोमीटरच्या आत येतो. काल जिथे तळ्यावरून बिनधास्त फिरवले, तिथे आज विमानाची वाट आहे.

०

"ॲप अडवत नाही, म्हणजे चालतंय," हा गैरसमज दोन्ही प्रणालींवर सारखाच आढळतो. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये डीजेआयने विमानतळांभोवती ड्रोनला अडवून धरणारी कुंपणे काढून टाकली. त्या जागी फक्त इशारा ठेवला आणि जबाबदारी उडवणाऱ्यावर सोपवली. त्यामुळे आपल्याकडेही ॲपच्या नकाशावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. सरकारचा डिजिटल स्काय नकाशा ब्राउझरमध्ये उघडतो. त्याला फोन कोणता हे विचारायची गरज पडत नाही.

नान्नजचे माळढोक अभयारण्य तर या गणिताच्याही बाहेर. विमानतळापासून लांब आहे म्हणून कुणी तिथे उडवू नये. तिथे वनखात्याचा कायदा आहे, आणि माळढोक आता इतके थोडे उरलेत की पंख्याच्या घरघरीने एखादा उठवणेही महागात पडेल. उजनीच्या पाणवठ्यावर रोहित पक्ष्यांच्या थव्यावरून ड्रोन नेणाऱ्यांनाही हेच लागू. थवा उडाला की चित्र सुंदर दिसते. पक्ष्यांची चरण्याची वेळ त्यात जाते.

०

सांगोल्याकडची डाळिंबे, पंढरपूरची द्राक्षे, जिल्हाभरचा ऊस. इथला खरा कामकरी ड्रोन कॅमेऱ्याचा नाही, फवारणीचा आहे. दहा लिटरची टाकी पाठीवर घेतलेला. त्याच्या रिमोटमध्येच पडदा असतो, आणि त्या पडद्यामागे बहुधा अँड्रॉइड. स्वातंत्र्यदिनी २०२३ मध्ये घोषणा होऊन पुढे आलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार बचतगटांना ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत अनुदान. त्यातल्या बाईला आयफोन की अँड्रॉइड असे कुणी विचारले नाही. यंत्राबरोबर पडदा आला, ती तो शिकली.

तिच्यासमोरचा प्रश्न निराळा आहे. पडद्यावरच्या सूचना बहुधा इंग्रजीत येतात. बॅटरी कमी आहे, परत फिरा, वारा जोराचा आहे, होकायंत्र बिघडले आहे. एवढी दहा-बारा वाक्ये मराठीत आली तर प्रणालीच्या कुठल्याही वादापेक्षा जास्त ड्रोन वाचतील.

०

मोजणीवाले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली गेली, आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राने 'स्वामित्व' योजना आणली. घराच्या जागेची मिळकत पत्रिका हाती येते त्यामागे अशी उड्डाणे आहेत. हे काम हाताने होत नाही. आखलेल्या समांतर रेघांवरून ड्रोन आपोआप जातो आणि एकमेकांवर चढणारे फोटो टिपत राहतो.

अशी रेघ आखणारी ॲपे डीजेआयच्या ज्या प्रोग्रॅमिंग सामग्रीवर बनतात, तिची पाचवी आवृत्ती फक्त अँड्रॉइडसाठी आहे. चौथी दोन्हीसाठी होती. म्हणजे नवा ड्रोन घेऊन शेताची, खाणीची, बांधकामाची मोजणी करू पाहणाऱ्याला आयफोनवर पर्याय थोडे सापडतात. ज्याच्या डोक्यात उद्या मोजणीचा धंदा आहे, त्याने आजच अँड्रॉइडच्या बाजूला उभे राहावे. 'भारीतला फोन, भारीतली ॲपे' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

०

आयपॅडवाल्यांसाठी. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते; सिमवाल्यात असते. मोठ्या पडद्याच्या मोहाने स्वस्तातला आयपॅड घेतला की माळावर नकाशात आपला ठिपका सापडत नाही. ड्रोनचे स्वतःचे जीपीएस शाबूत असते, तो बिनचूक परत येतो. पण आपण कुठे उभे आहोत हे पडद्याला माहीत नसते.

०

९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली. सुटे भाग मोकळे ठेवले, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेला सवलत ठेवली. त्याचा एक परिणाम असा की बाजारात जुने ड्रोन हातोहात फिरतात. जुना ड्रोन घेताना पंखे आणि बॅटरी सगळे बघतात. ॲप कुणी बघत नाही.

जुन्या ड्रोनला जुने ॲप लागते, आणि जुन्या ॲपला कधीकधी जुनी प्रणाली. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आले, तेव्हा ३२ बिटांची सगळी ॲपे एका रात्रीत निकामी झाली. आयफोनवर एकदा अपडेट केले की थोड्याच दिवसांत माघारीची वाट बंद होते. ॲप स्टोअरवरून ॲप उठले की नवीन माणसाला ते मिळणे कठीण. अँड्रॉइडवर चालणारी एपीके पेनड्राइव्हवर जपून ठेवता येते. जुन्या ड्रोनसाठी त्यामुळे जुना अँड्रॉइडच बरा, आणि त्याचे आपोआप होणारे अपडेट बंद केलेले बरे.

०

अपघात झाला, ड्रोन कुणाच्या पत्र्यावर पडला, विम्याचा प्रश्न आला, तर पुरावा म्हणजे उड्डाणाची नोंद. ती नोंद ॲप फोनमध्ये ठेवते. आयफोनमध्ये ती 'फाइल्स' ॲपमधून किंवा कॉम्प्युटरला जोडून काढता येते. अँड्रॉइडने अकराव्या आवृत्तीपासून ॲपांच्या खासगी फोल्डरात डोकावणे अवघड केले, तेव्हा तिथे बहुधा कॉम्प्युटर लागतोच. मोकळेपणाची ख्याती असलेल्या प्रणालीत ही गोष्ट उलटी झाली आहे. ज्याचा धंदा आहे त्याने महिन्यातून एकदा नोंदी बाहेर काढून ठेवाव्यात.

०

खरे तर हा सगळा वाद मावळतीला लागला आहे. २०२२ पासून छोट्या ड्रोनबरोबरही पडदा बसवलेले रिमोट मिळू लागले. फोन नको, केबल नको, एपीके नको. पडदा उन्हात दिसेल इतका उजळ, आणि ड्रोनबाहेरचे दुसरे काहीच त्यात नाही. आत चालते ते अँड्रॉइड. आयफोनची ऐट मिरवणारा शूटिंगवाला असा रिमोट घेतो, तेव्हा नकळत अँड्रॉइडवर येतो आणि त्याला ते जाणवतही नाही. सिम नसलेला, कोरा केलेला वेगळा फोन घ्यावा असे वर लिहिले, त्याचीच ही कारखान्यातून बांधून आलेली आवृत्ती.

०

कुणी विचारलेच तर हिशेब असा सांगतो. रील आणि झटपट कामासाठी, आणि ज्याला ॲपची उठाठेव नको त्याच्यासाठी आयफोन. मोजणीसाठी, जुन्या ड्रोनसाठी, कमी पैशात सुरुवातीसाठी अँड्रॉइड, पण वेगळा आणि कोरा. पैसे थोडे जास्त असतील तर दोन्ही सोडून पडदावाला रिमोट. फवारणीला पडदा यंत्राबरोबरच येतो.

आणि एक. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर लागते. वय १८ पूर्ण, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. दुकानात वरच्या किमतीच्या फोनकडे बोट दाखवण्याआधी मधल्या फोनच्या किमतीशी असलेला त्याचा फरक मांडून पाहावा. त्या पैशात दोन जादा बॅटऱ्या आणि प्रशिक्षणाच्या फीचा बराचसा भाग निघतो. लग्नाच्या मांडवात पोलिसाने कागद मागितला तर फोनचे मॉडेल दाखवून भागत नाही.